एकोणतीस इंची गृहस्थ

महाराष्ट्रातील नागरी मध्यमवर्गाचे जे अनेक उपप्रकार गेल्या अर्धशतकात उदयास आले, त्यांपैकी एकोणतीस इंची गृहस्थ हा संख्येने झपाट्याने घटणारा, परंतु जेथे उरला आहे तेथे कमालीचा घट्ट बसलेला प्रकार होय. ज्याच्या दिवाणखान्यात काचेच्या पिक्चर ट्यूबचा, म्हणजे घरातील तरुण मंडळी ज्याला तुच्छतेने 'डबा' म्हणतात त्या जातीचा, 29 इंची रंगीत संच आजही चालू आहे आणि तो चालू असल्याचे जो आल्यागेल्यास पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतो, त्याची गणना या वर्गात करावी. बंद पडलेला संच माळ्यावर किंवा जिन्याखाली ठेवणारे लोक पुष्कळ आहेत, पण ते केवळ आळशी असल्यामुळे त्यांचा येथे विचार केलेला नाही. एकोणतीस इंची गृहस्थ निष्ठावंत असतो आणि निष्ठेला पुरतील इतकी कारणे त्याने तोंडपाठ करून ठेवलेली असतात.

या निष्ठेचे मूळ शोधायचे तर ज्या काळात त्याच्या घरी संचच नव्हता त्या काळाकडे जावे लागते. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे चाळीत किंवा वाड्यात एखाद्याच बिऱ्हाडी टीव्ही असे व बाकीची बिऱ्हाडे त्याच्या दारात असत. आजचा एकोणतीस इंची गृहस्थ हा त्या काळात चपला बाहेर काढून, पुढच्या रांगेत सतरंजीवर बसून, छायागीत किंवा रविवारचा हिंदी चित्रपट पाहणारा मुलगा होता. मध्येच यजमानांची जेवणाची वेळ झाली की पाने वाढल्याचा आवाज ऐकूनही न ऐकल्यासारखे करण्याचे कौशल्य त्याने तेथेच संपादन केले. 1982 मध्ये दूरदर्शनचे प्रक्षेपण रंगीत झाले, तरी हा मुलगा कृष्णधवल पडद्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद लावलेल्या संचावर नायिकेचे कपाळ निळे व पदर हिरवा पाहत राहिला. 1987 च्या जानेवारीत रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले, तेव्हा बहुधा त्याच्या वडिलांनी लहानसा संच घेतला, पण तोवर मोठ्या पडद्याची भूक कायमची लागून गेली होती. पुढे नोकरीत कायम झाल्यावर त्याने घेतलेला 29 इंची संच ही त्या सतरंजीची परतफेड होती.

ही खरेदी साधारणतः 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढील दहाएक वर्षांत झालेली आढळते. ओनिडा कंपनी तेव्हा शिंगे व शेपूट असलेला हिरवा सैतान दाखवून शेजाऱ्यांचा मत्सर हा गुणधर्म उघडपणे विकत होती, औरंगाबादचा व्हिडिओकॉन आपलाच म्हणून घेतला जात होता, आणि ज्यांना हप्ता झेपत असे ते सोनीच्या ट्रिनिट्रॉनकडे वळत होते. या वर्गातील बऱ्याच जणांनी 2003 च्या क्रिकेट विश्वचषकाचा मुहूर्त साधला. 23 मार्च रोजी जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला 125 धावांनी हरवले तेव्हा गल्लीतील बहुतेक संच सामना संपण्यापूर्वीच बंद झाले; या गृहस्थाने मात्र बक्षीस समारंभही शेवटपर्यंत पाहिला, कारण हप्ते चालू होते.

संचाची रचना ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्या मालकाची रचना उलगडत नाही. पिक्चर ट्यूब, म्हणजे शास्त्रीय भाषेत कॅथोड किरण नलिका, हा जर्मन शास्त्रज्ञ फेर्डिनांट ब्राउन यांचा 1897 मधील शोध होय. नळीच्या मागील निमुळत्या मानेतून इलेक्ट्रॉनांचे तीन झोत सुटतात, तांब्याच्या तारेची वेटोळी त्यांना चुंबकीय बळाने वर-खाली व डावी-उजवीकडे वळवतात, आणि पडद्याच्या आतील बाजूस लावलेल्या फॉस्फर नावाच्या द्रव्याच्या लाल, हिरव्या व निळ्या ठिपक्यांवर ते आदळले की ठिपके उजळतात. भारतात स्वीकारलेल्या पाल पद्धतीत झोतांनी आखलेल्या 625 रेषांचे एक चित्र, व सेकंदाला अशी 25 चित्रे, असा हिशेब असतो. नळी आतून निर्वात असल्यामुळे बाहेरची हवा तिला सर्व बाजूंनी दाबत राहते. पडदा जितका मोठा तितकी ही काच जाड करावी लागते, आणि म्हणून 29 इंची संचाचे वजन पन्नास किलोंच्या आसपास जाते. सोनीने 1980 च्या दशकाच्या अखेरीस 43 इंची दृश्य पडद्याचा जो संच जपानमध्ये काढला, तो सुमारे 200 किलोंचा होता. ही माहिती गृहस्थाला असते, आणि 29 इंचांवर थांबून आपण संयम दाखवला असे त्याचे प्रामाणिक मत असते.

या वजनाचा मोठा भाग पडद्याच्या जाड काचेत असल्यामुळे संच पुढच्या बाजूला जड आणि मागे पोकळ असतो, व अनोळखी माणूस तो उचलायला गेला की प्रथम तोल जातो आणि मग मान जाते. दिवाळीच्या साफसफाईत संच हलवण्याचा प्रसंग त्यामुळे घरातील एक संस्कारच होऊन बसतो. पुतण्याला व वॉचमनला पाचारण केले जाते, गृहस्थ स्वतः हात न लावता सहा फुटांवर उभा राहतो, आणि "अरे, पाठीकडून नको, पडदा छातीशी घे, काचेला घाम लागू देऊ नकोस, वॉचमनदादा, तुम्ही फक्त खालून आधार द्या" अशा सूचना एका दमात सुटतात. पुतण्याचा चेहरा पडद्याला चिकटून लालबुंद झालेला असतो व त्याला समोरचे काहीही दिसत नसते, तेव्हाच "आता जरा थांब, खालची धूळ पुसून घेऊ दे" असा आदेश येतो. संच पुन्हा जागी बसला की गृहस्थ वाकून त्याच्या दोन्ही बाजूंची भिंतीपासूनची अंतरे बोटांनी मोजतो, आणि पुतण्या पुढच्या दिवाळीला मित्रांबरोबर कोकणात जाण्याचे तेव्हाच ठरवून टाकतो.

दैनंदिन उपासनेतील पहिला विधी संच चालू करण्याचा होय. आधी स्टॅबिलायझर, म्हणजे वीजदाबातील चढउतार सांभाळणारे यंत्र, चालू करून त्यातील 'टक्' हा आवाज ऐकावा लागतो, व त्यानंतर मुख्य बटण दाबता संचातून 'ठण्ण' असा गंभीर नाद उठतो. पडद्यामागील धातूच्या जाळीत साठलेले चुंबकत्व घालवण्यासाठी भोवतीच्या वेटोळ्यातून क्षणभर वीजप्रवाह सोडला जातो, त्याचा हा आवाज असतो. हे चुंबकत्व राहिले तर झोत वाकडे पडतात व पडद्याच्या कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग उमटतात. म्हणून या घरात स्पीकर संचाजवळ ठेवायला बंदी असते, आणि ज्या भाच्याने एकदा सुट्टीत लोहचुंबक घेऊन पडद्यावर इंद्रधनुष्य काढले होते, त्याचे लग्न होऊन त्याला मूल झाले तरी तो घरात शिरला की त्याच्या हातांकडे लक्ष ठेवले जाते. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो, पिशवी वेळोवेळी बदलली जाते, आणि आतील रिमोट कोऱ्याइतका कोरा राहूनही त्यावरचे आकडे कोणाला वाचता येत नाहीत.

गृहस्थाच्या भावविश्वात डॉक्टरापेक्षा मेकॅनिकचे स्थान वरचे असते. संचाच्या आजारांची भाषाही त्याने आत्मसात केलेली असते: सगळे चित्र मिटून मध्ये एकच आडवी पांढरी रेघ उरली तर 'लाईन आली', पडदा काळा झाला आणि आत सुमारे 25,000 व्होल्टचा दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर निकामी झाला तर 'एलओटी उडाला', सिग्नल जाऊन पडदा खदखदू लागला तर 'मुंग्या आल्या'. यांपैकी कशानेही तो खचत नाही. त्याला भीती असते ती फक्त 'ट्यूब वीक झाली' या वाक्याची, कारण बाकी सर्व बदलता येते आणि ट्यूब आता कोठे मिळत नाही. त्यामुळे मेकॅनिकने मागचे झाकण काढून आत डोकावले की खोलीत शांतता पसरते, आणि "काका, ट्यूब अजून फ्रेश आहे" असे तो म्हणाला की त्याच्या चहाबरोबर चकल्याही येतात. हा मेकॅनिक वर्षानुवर्षे तेच वाक्य का म्हणतो, याचा संबंध चकल्यांशी असावा असा कुटुंबीयांचा तर्क आहे.

सपाट पडद्याच्या एलसीडी व एलईडी संचांशी या गृहस्थाचा जो वाद चालू आहे, त्यात त्याची बाजू सर्वस्वी लंगडी आहे असे म्हणता येत नाही. एलसीडीत पडद्यामागे दिवा सतत तेवत असतो व समोरचे द्रवस्फटिक तो कमी-अधिक अडवतात, त्यामुळे काळा रंग पुरता काळा होत नाही. ट्यूबमध्ये झोत पडला नाही की ठिपका खरोखरच अंधारा राहतो. ट्यूबचा ठिपका उजळून लगेच विझत असल्यामुळे सीमारेषेकडे धावणारा चेंडूही फरफटल्यासारखा दिसत नाही, आणि खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यातून रंग सारखेच दिसतात. परदेशात जुने व्हिडिओ गेम खेळणारे हौशी लोक असे संच शोधत फिरतात, कारण पडद्यावरची बदके टिपण्याची खेळण्यातील बंदूक ट्यूबच्या पडद्यावरच नेम ओळखते. गृहस्थाचे सर्वांत आवडते अस्त्र मात्र भूमितीचे असते. संचाचे माप कर्णात सांगतात. 29 इंची ट्यूबमध्ये प्रत्यक्ष दिसणारा कर्ण सुमारे 27 इंच, आणि जुन्या पडद्याची रुंदी व उंची 4:3 प्रमाणात असल्यामुळे चित्र सुमारे 16 इंच उंच पडते. नव्या 32 इंची संचाचे प्रमाण 16:9 असल्यामुळे त्याची उंची त्याहून किंचित कमीच भरते. हा हिशेब तो आलेल्या जावयाला कागदावर आकृती काढून पटवून देतो, आणि जावई 55 इंची संचाविषयी बोलू लागला की "एवढे मोठे घ्यायचे कशाला" असे म्हणतो.

अडचण अशी आहे की प्रक्षेपण त्याच्या बाजूला राहिलेले नाही. मुंबईत 2012 च्या अखेरीपासून आणि पुणे-नागपूरसारख्या शहरांत 2013 पासून केबल डिजिटल झाली व सेट-टॉप बॉक्स सक्तीचा ठरला, आणि पुढे वाहिन्यांनी आपली चित्रे रुंद पडद्याच्या मापाने आखली. परिणामी या गृहस्थाला वर-खाली काळ्या पट्ट्या तरी पाहाव्या लागतात, नाहीतर दोन्ही बाजूंना चित्र कापले गेलेले सोसावे लागते. तो दुसरा पर्याय निवडतो, कारण पडद्याच्या पैशांपैकी एक इंचही काळ्या पट्टीवर घालवणे त्याला मंजूर नसते. मग धावफलक अर्धाच दिसतो आणि किती गडी बाद झाले हे समालोचकांच्या आवाजावरून ताडावे लागते. मालिकेत डाव्या कडेला उभी असलेली सासू केवळ कोपराने ओळखावी लागते. सेट-टॉप बॉक्स ठेवण्यास संचाच्या डोक्यावर ऐसपैस जागा आहे, ही गोष्ट तो अशा वेळी आवर्जून निदर्शनास आणतो. त्याच जागेवर क्रोशाचा रुमाल, कोल्हापूरहून आणलेली महालक्ष्मीची तसबीर, विजेची बिले आणि थंडीच्या दिवसांत उबेला येणारे मांजर यांचीही सोय झालेली असते.

गृहिणीची भूमिका या प्रकरणात अनेकदा गैरसमजाला बळी पडते. ती संचाच्या विरुद्ध असते, हे खरे. पण सुताराने संचाच्या मापाने बांधलेल्या शोकेसच्या ती अधिक विरुद्ध असते. नवा 43 इंची संच त्या खणाच्या रुंदीत मावत नाही, शोकेस तोडली तर मागचा भिंतीचा रंग निराळा निघतो, एक भिंत रंगवली तर बाकीच्या तीन मळक्या दिसतात, आणि रंगकाम काढायचे तर संच हलवावा लागतो. या चक्रामुळे दर दसऱ्याला एक्स्चेंज ऑफरची जाहिरात कापून ठेवली जाते व दर पाडव्याला ती रद्दीत जाते. जंजिऱ्यावरची कलालबांगडी तोफ जशी जागची हलवणे कोणाला परवडले नाही म्हणून आजवर पाहायला मिळते, तसेच या संचाचे झाले आहे. गृहस्थ मात्र त्याचे श्रेय गुणवत्तेला देतो.

एक्स्चेंजवाल्याने देऊ केलेली किंमत हा या माणसाच्या आयुष्यातील मोठा अपमान असतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून संच उतरवण्याची मजुरी त्या किमतीहून जास्त पडते, हे ऐकल्यावर तो विक्रेत्याला सरळ उत्तर न देता खरेदीची मूळ पावती दाखवतो. भंगारवाल्याला तर फक्त वेटोळ्यातील तांबे हवे असते, आणि ते काढताना तो ट्यूब फोडून काच टाकून देतो. त्या काचेत किलोच्या हिशेबात शिसे असते व ते मातीत मिसळणे घातक ठरते. भारतात ई-कचऱ्याचे नियम 2012 पासून लागू असून असा संच नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे देणे अपेक्षित आहे, ही बाब गृहस्थ संच न काढण्याच्या समर्थनार्थ वापरतो, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने त्याचा दिवाणखाना हेच सर्वांत सुरक्षित केंद्र ठरते हे नाकारता येत नाही.

तेव्हा ज्या वाचकाच्या नात्यात असा गृहस्थ असेल, त्याने त्याला नवा संच घेण्याचा उपदेश करू नये. चित्र कसे दिसते असे विचारले गेल्यास "काळा रंग खरा आहे" एवढे म्हणावे, म्हणजे रात्रीच्या जेवणाचा आग्रह होतो. मागचे झाकण उघडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण बंद केल्यावरही ट्यूबमध्ये जिवावर बेतेल एवढा विद्युतभार काही काळ शिल्लक राहतो. आणि संच खाली उतरवण्याचा दिवस कधी आलाच, तर नोंदणीकृत केंद्राचा टेम्पो आधी ठरवावा, चार धडधाकट माणसे बोलवावीत, आणि गृहस्थाला त्या दिवशी बाहेरगावी पाठवावे.