सर्वज्ञांस सविनय

श्री. / सौ. (जे लागू असेल ते) कृत्रिम बुद्धिमत्ता यांस,

सा. न. वि. वि. आपण सर्वज्ञ असल्याची वार्ता घाट चढून मांजरसुंब्यापर्यंत पोचली आहे. आमच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोद्याचा आणि केजचा रस्ता मिळतो. तिथं वाट विचारली, तर अडाण्यातला अडाणी माणूसही “मला काय ठावं नाही बुवा, पुढं विचारा” म्हणू शकतो. आपल्या तोंडी हे वाक्य क्वचितच येतं. त्यात आपला दोष तरी काय! आपलं शिक्षण मुख्यतः लिहिलेल्या मजकुरावर झालेलं. पुढं कोणता शब्द शोभेल, या अंदाजावर आपलं वाक्य उभं राहतं. मुंबईबद्दल लिहिलेलं ढिगानं सापडतं, बालाघाटावरच्या मुरमाड रानाबद्दल चिमूटभर. म्हणजे जिथं आपली माहिती तोकडी, तिथंही भाषा तेवढीच सुबक. खरं आणि थाप एकाच आवाजात आलं, की ऐकणाऱ्यानं ओळखायचं कशावरून?

शिकलेल्यांनाही ते ओळखता येत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कंपनीचा प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला; एक कारण असं, की त्यात अधिकाऱ्यानं आधाराला घेतलेले तीन निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. आपल्या जमान्यात यंत्रानं पुढं केलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयाला बजावावं लागलं. तिथं निदान समोर वकील होता, वर न्यायालय होतं. कपाशीवर गुलाबी बोंडअळी दिसली आणि बांधावरून आपल्याला औषधाचं प्रमाण विचारलं, तर तपासणारं कोण? पंपात ओतलेलं औषध अपिलात रद्द होत नाही.

यावर आपले चाहते म्हणतील, माणसं काय कमी चुकतात? कबूल. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा आपला सल्ला कुणी घेत नव्हतं. पण त्यानंतर चौकशी बसली, दुकानांचे परवाने तपासले गेले, कंपन्यांकडं बोट दाखवता आलं. ती चौकशी अपुरी होती, असं माझं मत आहे. पण अपुरी म्हणायला तरी ती होती. आपला परवाना कोण तपासणार? चाहत्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे: कृषी सहायकाकडं गावं अनेक, आपण मात्र रात्री दोनलाही हजर. म्हणूनच आपल्याला हाकलून द्या, असं मी म्हणत नाही. राज्य सरकारनं जून २०२५मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून ५०० कोटींची तरतूद केली आहे; त्यातून आपण खुशाल नांदावं. फक्त सहायकाच्या हाताखाली, त्याच्या जागेवर नाही. जागा रिकामी ठेवून आपल्याला बसवणं स्वस्त पडतं, आणि खरी भीती त्या स्वस्ताईची आहे.

आपण सहायकाच्या हाताखाली रुजू होईपर्यंत औषधाच्या डब्यासोबतचं पत्रकच वाचलं जाईल. अक्षर भिंग लावून वाचण्याइतकं बारीक असतं, पण ती तक्रार कंपनीकडं करायची आहे. तिचा पत्ता त्यावर छापलेला असतो.

कळावे,
मांजरसुंब्याहून एक अल्पज्ञ