उद्घाटकांच्या खालची ओळ

दिवाळीचे दिवे विझतात, धान खळ्यावर येतं आणि पूर्व विदर्भात, वडशातल्या नाट्यमंडळांच्या कार्यालयांत बुकिंगसाठी गावोगावची मंडळी येऊ लागतात. याच सुमारास पेपरात ती बातमी येते : झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू. दरवर्षी तीच बातमी, फोटोतला पडदा तेवढा बदललेला. आमच्याकडचे नाट्यवेडे ती तरीही टपरीवर मोठ्यानं वाचून घेतात. मथळ्यात हटकून ‘कोट्यवधींची उलाढाल’ असते, आणि दरवर्षी कुणीतरी काकाजी चहाची बशी खाली ठेवून विचारतात, “येवढे कोटी जातेत कोठी जी? आपल्या मंडळाचा तं मंडपाचाबी खर्च निघत नाही.” पेपरवाल्याला आमच्या हंगामात पैसा दिसतो. बाकी मंडपात काय घडतं, हे त्याला दिसावं तरी कसं?

कारण सोपं आहे. नाटकाचा पडदा वर जाईपर्यंत दहा वाजून गेलेले असतात, शेवटचा प्रवेश पहाटेच्या गारठ्यात संपतो, आणि जिल्हा आवृत्ती त्याच्या कितीतरी आधी छापायला गेलेली असते. वार्ताहर बिचारा उद्घाटनाचा फोटो पाठवतो आणि घरी जाऊन झोपतो. म्हणून बातमीत उद्घाटक असतात, सहउद्घाटक असतात, अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख अतिथी आणि ज्यांचं काय करावं हे आयोजकांनाही सुचलं नाही असे ‘विशेष उपस्थित’ असतात. सगळ्यांत खाली, वऱ्हाडात शेवटच्या पंगतीला बसलेल्या पोरासारखं, नाटकाचं नाव. त्यापुढे ‘रसिकांनी भरभरून दाद दिली’. ती दाद लिहिली जाते तेव्हा रसिक अजून घरी भाकर खात असतात. वार्ताहराला मी दोष देत नाही. पाहुण्याचं नाव राहिलं तर सकाळी त्याला फोन येतो. नायिकेचं राहिलं तर कुणाचाच येत नाही.

खरी समीक्षा होते ती पहाटे घराकडे परतताना, डोक्यावरून घोंगडी घेतलेल्या घोळक्यात. माझी आत्या या प्रांतातली कडक समीक्षक. आम्ही पोरं तणसावर पोतं अंथरून बसायचो, फल्ली खात खात दुसऱ्या अंकात झोपी जायचो आणि कुणाच्या तरी हंबरड्यानं जागे व्हायचो. मधल्या भागात काय झालं, असं सकाळी विचारलं की चार जण चार कथानकं सांगत. त्यामुळे बालपणी पाहिलेलं एकही नाटक माझ्याजवळ अखंड नाही. सुरुवात माझी, शेवट माझा, पोट इतरांचं. आत्या मात्र डोळा लागू द्यायची नाही. खलनायकाला ती मंडपात मोठ्यानं शिव्या द्यायची आणि वाटेत त्याच्या बायकोची चिंता करायची. त्या बायकोला तिसऱ्या अंकानंतर लेखकानं विसरूनच टाकलं, हे फक्त आत्याच्या लक्षात आलेलं असायचं.

5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, पुरवण्यांमध्ये 1843 सालची सांगली येते, विष्णुदास भावे येतात, मग पुणे-मुंबई. आम्ही जिल्हा पानावर, धानाच्या भावाशेजारी. तिथं आम्ही सुखी आहोत, कारण ते पान आधी वाचलं जातं. 2023 साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मात्र झाडीपट्टी पहिल्या पानावर गेली. 5000हून अधिक प्रयोग, 800 भूमिका, असे आकडे आले. टपरीवर आनंदाला पारावार नव्हता, तरी एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलंच, “मोजलं कोनं?” मग तासभर त्यांच्या विनोदी भूमिकांच्या गोष्टी रंगल्या, कोणत्या गावी, कोणत्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री, कोण हसून हसून खुर्चीवरून पडलं. त्यातलं काही छापलं गेलं नाही. छापायला कुणी मागितलंही नव्हतं.

मध्यंतरी आमच्या एका मास्तरांनी मनावर घेतलं. रात्रभर जागून नाटक पाहिलं, ऑर्गनवाल्यानं पडेल प्रवेश कसा सावरला, लावणी नेमकी मरणाच्या प्रवेशानंतर का आली, असं सगळं सुवाच्य अक्षरात दोन पानं लिहून एका पेपराला पाठवलं. चौथ्या दिवशी छापून आलं. तीन ओळी. त्यांत दोन ओळी उद्घाटकांच्या, ज्यांचं नाव मास्तरांनी लिहिलंच नव्हतं. मास्तरांनी तरीही कात्रण कापून वहीत चिकटवलं आणि टपरीवर ते हातोहात फिरलं. फिरत फिरत आमच्या ओसरीवर आलं. आत्याला आता अक्षरं दिसत नाहीत; मी वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, म्हणजे फार वेळ लागला नाही, आणि विचारलं, “त्या खलनायकाच्या बायकोचं काय झालं, ते लिवलं का मास्तरानं?”

मूळ दोन पानांत ते होतं, असं मास्तर शपथेवर सांगतात.