घोका, बिनधास्त घोका

‘घोकंपट्टी’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. त्यातही ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तकांची कपाटं आहेत, ते जरा जास्तच. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी ‘सॅट’ देणाऱ्या मुलीनं अवघड इंग्रजी शब्दांची यादी हातात घेतली की उपदेश सुरू होतो. याद्या कसल्या पाठ करतेस, वाचन कर, शब्द आपोआप येतील.

आपोआप कुणाला येतात? ज्याच्या घरात ते आधीपासून बोलले जातात, त्याला. बाकीच्यांना ते मिळवावे लागतात. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या आणि अकरावीत या परीक्षेचं नाव ऐकलेल्या मुलीकडे जेमतेम दीड वर्ष असतं. अवघड शब्द पुस्तकात भेटतोच क्वचित, आणि एकदा भेटला की पुढची कितीतरी पानं फिरकत नाही. तोवर तो विसरलेला असतो. यादी त्याला रोज समोर आणून उभा करते. म्हणून यादी हवी.

आपल्या पूर्वजांना यात काही कमीपणा वाटला नव्हता. अमरकोश म्हणजे श्लोकात बांधलेली शब्दांची यादीच. पाठशाळेतली मुलं आधी तो पाठ करत, काव्याकडे नंतर वळत.

आता सॅटचा इतिहास बघा. पहिली परीक्षा 23 जून 1926 रोजी झाली. 97 मिनिटं आणि 315 प्रश्न. त्यात शब्दांचे अर्थ होते, विरुद्धार्थी शब्द होते, दोन शब्दांमधलं नातं ओळखून तशीच दुसरी जोडी शोधायची होती. ती घडवणारे प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी 1923 मध्ये वंशावरून बुद्धी ठरवणारं पुस्तक लिहिलं होतं. 1930 मध्ये त्यांनी ते मत स्वतःच जाहीरपणे मागे घेतलं. परीक्षा राहिली, आणि तिच्यासोबत एक दावाही राहिला. ही परीक्षा उपजत क्षमता मोजते, शिकवणी लावून इथं काही उपयोग नाही.

हा दावा खोटा पाडला ब्रुकलिनच्या एका तळघरानं. स्टॅन्ली कॅप्लन हा स्थलांतरित ज्यू कुटुंबातला मुलगा. मेडिकल कॉलेजांनी नाकारलं, म्हणून त्यानं शिकवणी हाच व्यवसाय केला. 1946 पासून तो त्या तळघरात सॅटची तयारी करून घेऊ लागला, आणि त्याच्याकडे येणारी बरीच मुलं त्याच्यासारख्याच घरांतली होती. शब्द शिकता येतात, गुण वाढवता येतात, हे त्या मुलांनी दाखवून दिलं. ज्यांना हे शब्द घरातूनच मिळाले होते, त्यांची अडचण खरी इथून सुरू झाली.

पुढे परीक्षेतून शब्द एकेक करून बाहेर पडत गेले. 1994 मध्ये विरुद्धार्थी शब्द गेले. 2005 मध्ये शब्दजोड्या गेल्या. 2016 मध्ये वाक्यातली गाळलेली जागा भरण्याचे जुने प्रश्नही गेले. कारण प्रत्येक वेळी चांगलंच सांगितलं. शब्दजोड्यांच्या वेळी एक उदाहरण फार गाजलं. धावपटूला जशी मॅरेथॉन, तशी वल्हेकऱ्याला काय? उत्तर होतं ‘रेगाटा’, म्हणजे होड्यांची शर्यत. श्रीमंतांच्या बोट क्लबात वाढलेल्याला ते सहज येणार. असा प्रश्न काढून टाकायलाच हवा होता, त्याबद्दल वाद नाही. पण म्हणून सगळे अवघड शब्दच अन्यायाचे, हा निष्कर्ष मला मान्य नाही.

तो मान्य न करायला आधार आहे. रॉय फ्रीडल हे सॅटचे प्रश्न बनवणाऱ्या संस्थेतून निवृत्त झालेले संशोधक. 2003 मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’त त्यांनी एक लेख लिहिला. एकूण गुण सारखेच असलेली गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. भाषेच्या सोप्या प्रश्नांत कृष्णवर्णीय मुलं थोडी मागे पडत होती आणि अवघड प्रश्नांत थोडी पुढे जात होती. फ्रीडल यांचं स्पष्टीकरण असं की सोपा, रोजचा शब्द घराघरात, वस्तीवस्तीत वेगळ्या छटांनी वापरला जातो. परीक्षेला त्यातली एकच छटा हवी असते, आणि ती गोऱ्या मध्यमवर्गाची असते. दुर्मीळ शब्द मात्र सगळे पुस्तकातूनच शिकतात, त्यामुळे तिथं घराचा फायदा कमी होतो. फक्त अवघड प्रश्नांवर वेगळा गुणांक द्या, असं त्यांनी सुचवलं. ते स्वीकारलं गेलं नाही. त्यांच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप आले, फरकही मोठा नाही असं सांगितलं गेलं. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या गुणांवरून दुसऱ्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा काही प्रश्नपत्रिकांत तोच कल पुन्हा दिसला.

मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना विचारा. यादीतला पाच अक्षरी भारदस्त शब्द ती बिनचूक सांगतात. अडतात ती साध्यासुध्या क्रियापदांवर, कारण त्यांचे दहा-दहा अर्थ कुठल्याच यादीत नसतात आणि ते घरात कुणी बोलत नाही.

2014 मध्ये सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डानं सांगितलं, यापुढे दुर्मीळ शब्द नकोत, कॉलेजात खरोखर लागणारे ‘सिंथेसिस’, ‘एम्पिरिकल’ असे शब्द विचारू. हे शब्द प्राध्यापकाच्या मुलाच्या कानावर जेवताना पडतात. कष्टकऱ्याच्या मुलीला तेही पाठच करावे लागतात. तिचं काम यानं कमी झालं नाही.

आणि शब्द गेले असं ज्यांना वाटतं, त्यांनी आजची परीक्षा उघडून बघावी. भारतात 2023 पासून सॅट संगणकावर होते. वाचन-लेखनाचे 54 प्रश्न, 64 मिनिटं, प्रत्येक उताऱ्यात 25 ते 150 शब्द. या प्रश्नांच्या दोन्ही भागांची सुरुवात संदर्भातून नेमका शब्द निवडण्याच्या प्रश्नांनीच होते. गाळलेली जागा परत आली आहे.

तेव्हा घोका, पण नीट घोका. पाठ केलेलं किती झपाट्यानं विसरतं हे हरमान एबिंगहाउसनं 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून मोजलं होतं. त्यावर जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात एक साधी युक्ती लोकप्रिय केली. एका चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा आणि पाच खोकी ठेवायची. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या खोक्यात जाते, चुकलं की परत पहिल्यात. पहिलं खोकं रोज उघडायचं, पुढची जास्त जास्त दिवसांनी. वह्यांची पाठकोरी पानं कापून चिठ्ठ्या होतात, चपलांची खोकी घरात असतातच. चिठ्ठीवर नुसता अर्थ लिहू नका, वाचनात सापडलेलं एक वाक्य लिहा, कारण परीक्षा वाक्यच विचारते. आणि नॉर्मन लुइसचं 1949 सालचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ घ्या. ते पुण्यात आप्पा बळवंत चौकात जुनं मिळतं. त्यात शब्द लॅटिन-ग्रीक धातूंवरून उलगडून दाखवले आहेत. संस्कृतचे धातू शाळेत शिकलेल्या मुलांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

साध्या क्रियापदांसाठी वेगळी वही करा. एकेका क्रियापदाला एक पूर्ण पान द्या, नवा वापर दिसला की वाक्यासकट उतरवा. हे काम यादीपेक्षा हळू चालतं, म्हणून ते आधी सुरू करा. सराव परीक्षांना पैसे मोजू नका. कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर पूर्ण परीक्षा फुकट आहेत, खान अकॅडमी या संकेतस्थळावर सराव 2015 पासून फुकट आहे. मोबाइल घरात एकच असेल, तर खान अकॅडमीच्या सरावासाठी रोजचा अर्धा तास तो परीक्षा देणाऱ्या मुलीला द्या.