पात्रकार

भोपाळ पडलं राजधानीचं शहर, त्यामुळे इथे पत्रकारांना तोटा नाही. आमच्या बाग सेवनियात मात्र एक पात्रकार राहतो. पहिल्या अक्षरावरचा काना छापखान्याची चूक नव्हे. तो माझा भाचा. कंपनी पुण्याची, खुर्ची आमच्या घरातली, आणि उरलेला सगळा वेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी पात्रं घडवण्यात. खेळण्यात नाही, घडवण्यात.

खेळ तसा सोपा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातले योद्धे-जादूगार होतात आणि बेत साधला की फसला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली तो छापला तेव्हा पात्रांचे पेशे होते तीन: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. चोरसुद्धा पुढच्या वर्षी आला. तीन साधे, सहा बाजूंचे फासे टाकायचे, बेरीज येईल तेवढी तुमची ताकद. पुन्हा टाका, तेवढी अक्कल. असे सहा गुण. देवाने दिलं ते घ्या आणि निघा.

आता 2024 च्या नियमपुस्तकात 10 वंश, 12 पेशे आणि 16 पूर्वायुष्यं आहेत. गुणाकार भाच्यानेच करून दाखवला. 1920. "आणि मामा, यात पोटपेशे धरलेलेच नाहीत!" हे सांगताना त्याच्या तोंडावर जे तेज होतं ते मी त्याच्या पगारवाढीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

फासे टाकून गुण ठरवणं त्याला मंजूर नाही. नशिबावर कोण विसंबणार! दुसरी पद्धत आहे: प्रत्येक गुण आठावर, हाताशी 27 पॉइंट, आणि एखादा गुण पंधरावर न्यायचा तर त्यातले नऊ मोजायचे. महिनाअखेरीला मी किराण्याची यादी करतो तसा तो रात्री दोनपर्यंत बुद्धीतून काढून चपळाईत टाकतो, पुन्हा परत ठेवतो. सत्तावीस आकडा ऐकून आईने पोथीतून मान वर केली. "नक्षत्रंही तितकीच. गण कुठला याचा?" भाच्याने सांगितलं, सज्जन-मधला-दुर्जन आणि शिस्तीचा-मधला-स्वैर अशा मिश्रणातून नऊ वृत्ती होतात. "आमचं देव, मनुष्य, राक्षस एवढ्यात भागलं," आई म्हणाली, "आणि तरी पत्रिका जुळवताना घाम फुटायचा."

मग पूर्वकथा. पात्राचा बाप कुणी मारला, गुरूशी भांडण कशावरून, डाव्या भुवईवरचा व्रण कधीचा. सतरा पानं. एमपी ऑनलाइनच्या टपरीवर सरकारी समग्र आयडीत नाव दुरुस्त करायला तीन वर्षं टाळाटाळ करणारा हा मुलगा, एका अस्तित्वात नसलेल्या जादूगाराच्या आजोळचा इतिहास लिहितो. विसाव्या पातळीला त्याच्यापाशी कोणते मंत्र असतील तेही ठरलेलं. स्वतःचं विचारलं की, "बघू."

त्याच्या विद्वत्तेबद्दल मात्र शंका नको. 1977 च्या 'ट्रॅव्हलर' नावाच्या खेळात पात्र घडवता घडवताच मरू शकायचं, हे त्यानेच मला सांगितलं. 'गर्प्स' नावाच्या खेळात तर अंगी दोष घेतला की उलट जास्तीचे पॉइंट मिळतात: भित्रेपणाचे वेगळे, कर्जाचे वेगळे, एक डोळा नसल्याचे वेगळे. आमच्याकडे स्थळं बघायची पद्धत अशी असती तर मी पस्तिशीपर्यंत थांबलो नसतो.

पात्रं झाली एकेचाळीस. खेळ शून्य. चौघांचा एक रविवार जुळेना.

शेवटी जुळला. "उद्या डीएम येतोय घरी," भाच्याने जाहीर केलं. गोष्ट सांगणाऱ्याला त्यांच्यात 'डंजन मास्टर' म्हणतात. पण एम्सच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला डीएम म्हणजे एकच कळतं: मोठा स्पेशालिस्ट. आईने जुने एक्स-रे काढून ठेवले. सकाळी "को खां!" अशी हाक देत चपला काढून जो आत आला त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. "आजकाल लवकरच पास होतात," आई म्हणाली आणि त्याच्यापुढे पोहे-जिलबी ठेवली.

चौथा भिडू आलाच नाही. त्याच्या जागी आईला बसवलं. तिने फासे कवड्यांसारखे खुळखुळवून सहा वेळा टाकले. ताकद सात, शहाणपण सोळा. नाव? "बाई." पूर्वायुष्य? "शेतकरी, लिहा." दोन मिनिटांत मोकळी.

पहिल्याच वळणावर भुतासारखा एक गॉब्लिन आडवा आला. सतरा पानांच्या जादूगाराचे हिट पॉइंट सहा; पहिला बाण लागला नि तो आडवा. जगतो की मरतो याचा फासा टाकला, आला एक. एकाला दोन अपयशं धरतात. पुढचा टाकला, आला चार, म्हणजे तिसरं अपयश. संपलं. डाव्या भुवईचा व्रण कुणी विचारलासुद्धा नाही. आईने गॉब्लिनला विचारलं, "जेवलास का रे?" फासा वीसवर थांबला. गॉब्लिन शिदोरी खात बसला.

मला वाटलं, भाचा रडणार. तो आधीच कोरा कागद ओढून बसला होता. "मामा, या वेळी अर्धं आयुष्य खलाशी म्हणून काढलेला बुटका घेतो," आणि पेन्सिलीला टोक करू लागला.

डीएम निघताना दारात आईने त्याला थांबवलं. एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाली, "डावा गुडघा बघ जरा, बाळ."