नऊ व्होल्टचं शहाणपण

डिसेंबरात विदर्भातलं सर्वांत कमी तापमान बरेचदा गोंदियाच्या नावावर लागतं. आम्हा शेजारच्या कुडवावासीयांनाही याचा अभिमान. आमच्या गाडीच्या बॅटरीला तो नव्हता. थंडीत तिची रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातलं तेल घट्ट होतं, आणि चावी फिरवली की नुसतं ‘कट्ट’ होतं.

नवी बॅटरी लावणं सोपं. अडचण रेडिओची. गाडी सेकंडहँड, रेडिओ संशयी. वीज तुटली की आपल्याला चोरून नेलं असं समजून चार आकडी कोड मागणारा. कोडचं कार्ड पहिल्या मालकाने हरवलेलं.

“सर, कायले झंझट करता जी? मी येऊन लावून देतो,” नाक्यावरचा मिस्त्री म्हणाला. पण मी निवृत्त विज्ञान शिक्षक. अर्ध्या तालुक्याला ओहमचा नियम शिकवून आता मिस्त्रीला बोलवायचं?

युक्ती अशी, की नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लायटरच्या सॉकेटमधून जोडून ठेवायची. मोठी बॅटरी काढली तरी घड्याळ, रेडिओ, काचांची सेटिंग शाबूत राहते. चौकोनी बॅटरी भजन मंडळाच्या माईकमधून उसनी घेतली. मंडळाला सांगायचं तेवढं राहिलं. आमचं सॉकेट चावी एक टप्पा फिरवल्याशिवाय चालत नाही, म्हणून ती फिरवून ठेवली. आधी ऋण टोक सोडवलं, मग धन. धनाच्या तारेत अजून वीज असते, ती पत्र्याला लागू नये म्हणून तिला माझा जुना मोजा घातला. घड्याळ चालूच! सौभाग्यवतींना हाक मारून दाखवलं. “मोजा धुतलेला होता का?” त्यांनी विचारलं.

नवी बॅटरी ठेवली, तर तारा पोचेनात. धन-ऋण टोकं उलट्या बाजूंना! दुकानदाराने ‘डावी की उजवी?’ असं विचारलं होतं. मी ‘कोणतीही चालेल’ म्हणालो होतो.

दहा किलोचा तो ठोकळा सायकलच्या कॅरियरवर बांधून गोंदियाला गेलो, बदलून आणला. येऊन पाहतो तर गाडीचं दार सताड उघडं आणि आत भाचा.

“मामा, मी राखण करत होतो. वरचा दिवा आधी मस्त होता, मग मंद झाला, आता गेला.”

नऊ व्होल्टची बॅटरी घड्याळाच्या आठवणीपुरती असते, छताच्या दिव्यापुढे ती काय टिकणार! मिस्त्री अशा वेळी दुसरी बारा व्होल्टची बॅटरी केबलने जोडून ठेवतो. हे त्याने नंतर सांगितलं. मी आधी विचारलं नव्हतं.

नवी बॅटरी जोडली आणि घड्याळात एक वाजला. काचेचं बटण दाबून धरल्यावर काच शिकली. इंजिन थोडं थरथरून जुळवून घेतं झालं. रेडिओ मात्र कोडवर अडून आहे.

कोणाला ठाऊक असेल तर कृपया कळवा. 0000, 1234 आणि माझं जन्मवर्ष टाकून झालं आहे. सध्या तो मला तासभर थांबायला सांगतो आहे.