आऊटरला उभा जिल्हा

प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. नागपूरहून चंद्रपूरकडे येणारी ब्रॉडगेज मेट्रो सात वर्षांहून अधिक उशिराने धावत आहे. गैरसोयीबद्दल दिलगिरी कोणी व्यक्त करायची, हे अजून ठरायचे आहे.

जुलै 2018 मध्ये महामेट्रो, रेल्वे आणि राज्य सरकार यांच्यात करार झाला. नागपूरहून वर्धा, रामटेक, नरखेड आणि भंडारा रोड अशा चार दिशांना वातानुकूलित गाड्या सुटणार होत्या, त्याही रेल्वेच्या आहे त्याच रुळांवरून. पुढे भाषणाभाषणांतून ही गाडी चंद्रपूरपर्यंत आली. भाषणातल्या गाडीला सिग्नल लागत नाही, क्रॉसिंग लागत नाही. टाळ्या पडल्या की पुढचं स्टेशन. चंद्रपूरच्या फलाटाला तिचा एकही डबा अजून लागलेला नाही, म्हणून नोंदवहीत ती एकदाही लेट नाही. तिच्याइतकी वक्तशीर म्हणजे नागभीड–नागपूर नॅरोगेज. 106 किलोमीटरच्या त्या मार्गावरची छोटी गाडी ब्रॉडगेज करायचं म्हणून नोव्हेंबर 2019 मध्ये बंद केली, तेव्हापासून तिच्याबद्दलही उशिराची तक्रार नाही.

धावणाऱ्या गाड्यांचं मात्र अवघड असतं. बल्लारशा–गोंदिया पॅसेंजरचंच घ्या. पॅसेंजरची आता मेमू झाली. कोविडच्या काळात ती 'स्पेशल' झाली, तेव्हा दहाचं तिकीट तीस रुपयांना पडू लागलं. 2024 मध्ये ते पुन्हा दहावर आलं. या सगळ्या बढत्या-बदल्यांमध्ये गाडी तेवढी जागची हलली नाही. तेव्हाही लूप लाईनवर उभी असायची, आजही असते.

केळझरला किंवा आलेवाहीला ती थांबली की अनुभवी माणूस खिडकीतून डोकावत नाही, सरळ खाली उतरतो. मूलला शाळा असलेले गुरुजी डबा उघडतात, कारण प्रार्थना तर चुकलीच. सिंदेवाहीच्या बाजाराला निघालेली बाई टोपल्यावरचं फडकं ओलं करून घेते. नवखा कोणी विचारतोच, "काहून थांबली जी?" उत्तर द्यायची गरज पडत नाही. रूळ थरथरतात आणि कोळशाची मालगाडी जाऊ लागते, अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी, एकामागून एक, एखाद्या मंत्र्याच्या ताफ्याच्या रुबाबात. मार्ग एकेरी, त्यामुळे कोणीतरी बाजूला व्हायचंच. दुर्गापूरच्या वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट, शिवाय सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरचा कागद. कोळसा थांबला तर मुंबईत पंखा थांबतो. गुरुजी थांबले तर दुसऱ्या वर्गाचा पाढा थांबतो, आणि पाढ्यावर रेल्वेला भाडं मिळत नाही.

कोणी म्हणेल, जंगलाचा मार्ग आहे, गाडी हळूच जाणार. कबूल. नोव्हेंबर 2018 मध्ये जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे याच मार्गावर पॅसेंजरखाली गेले. त्या पट्ट्यात गाडी रांगत गेली आणि आम्हाला तासभर उशीर झाला, तरी या सदरातून चकार शब्द निघणार नाही. पण लूप लाईनवर आम्ही ज्या वाघिणींना वाट देतो, त्यांच्या अंगावर पट्टे नसतात.

एवढं होऊनही गाडी कागदावर वेळेत पोचते, ही खरी कारागिरी. रेल्वे उशीर मोजते तो शेवटच्या स्टेशनात. म्हणून वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला सढळ हाताने मिनिटं वाढून ठेवलेली असतात. जे अंतर गाडी निघताना चटकन कापते, तेच परतताना कापायला तिला कागदावर भरपूर वेळ दिलेला असतो. वाटेत ब्रह्मपुरीवाला, नागभीडवाला, राजोलीवाला सगळे लेट. बल्लारशाला गाडी राइट टाइम.

चंद्रपूरकरांना तर दोन स्टेशनं आहेत. चंद्रपूर स्टेशन मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात, चांदा फोर्ट दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात. गोंदियाकडून आलेल्याला दिल्लीकडची गाडी धरायची तर या नागपुरातून त्या नागपुरात ऑटोने जावं लागतं. ऑटो सहसा लेट नसतो. चंद्रपूर स्टेशनला 16 सप्टेंबर 2024 पासून नागपूर–सिकंदराबाद वंदे भारतही थांबते. आली 20 डब्यांची, माणसं मिळेनात म्हणून पुढे 8 डब्यांची झाली. उरलेले 12 गोंदियाच्या मेमूला जोडा, असं म्हणणारा अडाणी ठरतो.

गडचिरोलीने उशिराचा प्रश्न मुळातूनच सोडवला आहे. जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला, मुख्यालयात रेल्वे अजून नाही. अख्ख्या जिल्ह्याला स्टेशन एकच, वडसा, तेही उत्तरेच्या टोकाला. सिरोंच्याच्या माणसाला रेल्वे हवी तर प्राणहिता ओलांडून तेलंगणातलं मंचेरियाल जवळ पडतं. वडसा–गडचिरोली हा 52 किलोमीटरचा मार्ग कधीचाच मंजूर आहे; निम्मा पैसा राज्याचा, निम्मा केंद्राचा, मग जमीन, मग वनखात्याची परवानगी. या मार्गावर आजवर न थांबता धावला तो फक्त खर्चाचा आकडा: पाचशे कोटींच्या आत सुटला, अठराशे कोटींच्या पुढे गेला, मध्ये कुठे क्रॉसिंग नाही. तिकडे सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज ट्रकांत बसून जिल्ह्याबाहेर जातं. त्याचे कुठेतरी रूळ होत असतील.

वडशाहून वेळेवर सुटणारं काही असेल तर झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या. दिवाळीनंतर त्यांची वाहनं पडदे आणि पेट्या घेऊन गावोगाव निघतात, रात्री उशिरा प्रयोग लागतो, पहाटेपर्यंत चालतो. नट पोचला नाही म्हणून मालगाडीला पुढे काढलं, असं अजून झालेलं नाही.

आता मात्र दिवस पालटणार. एप्रिल 2025 मध्ये केंद्राने गोंदिया–बल्लारशा 240 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. मूलच्या फलाटावर एकाने आनंदाने विचारलं, "म्हंजे एका लाईनवर कोळसा, अन् दुसरीवर आपण?"

शेजारचा पानाला चुना लावत होता. मान वर न करता म्हणाला, "दुसरीवर सिमेंट."