हवेचे मिस्त्री

बुरोंडीत एखादी जुनी मारुती उभ्या जागी धडधडायला लागली, की लोक म्हणतात, ‘मिस्त्रींना ऐकव.’ मिस्त्री गाडीकडे बघतही नाहीत. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीचा हातभर तुकडा एका टोकानं कानात घालतात, दुसरं टोक इंजिनावर फिरवतात आणि डोळे मिटतात.

‘बंद करा रे तो गलका!’ हे ते खाली बंदरावर चाललेल्या मासळीच्या लिलावाला उद्देशून म्हणतात. लिलाव चालूच राहतो.

१९८३ साली रस्त्यावर आलेली ही ७९६ सीसीची गाडी कंपनीनं २०१४ मध्ये बनवायची थांबवली. ही बातमी मिस्त्रींना अजून कुणी सांगितलेली नाही. त्यांच्या मते जगातला निम्मा बिघाड चोरट्या हवेचा. कार्बोरेटरच्या गाडीपुरतं ते बरंचसं खरंही आहे. स्लोवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ मिटलेला, आणि खाली तीन पिस्टन हवेसाठी हपापलेले. मग तडकलेली नळी, चेपलेलं पॅकिंग, मिळेल त्या फटीतून हवा आत घुसते. पेट्रोल ती आणत नाही. मिश्रण पातळ होतं, गाडी मिसिंग मारते. दापोलीचा चढ मजेत चढलेली गाडी एसटी स्टँडसमोर थांबली की मान टाकते ती यामुळेच. चढावर थ्रॉटल उघडा असतो, तिथे एवढीशी चोरी खपून जाते. होड्यांच्या डिझेल इंजिनांना असला थ्रॉटलच नसतो, म्हणून खलाशांकडे मिस्त्री कीव आल्यासारखे बघतात.

रोग न शोधता स्लोचा स्क्रू पिळणाऱ्या पोरांबद्दलचं त्यांचं मत इथे छापता येणार नाही. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधणाऱ्यांबद्दलचं तर नाहीच. ते स्वतः इंजेक्शनच्या सिरिंजनं एकेका जोडावर पाणी सोडतात. पाण्यानं फट क्षणभर बुजली आणि आवाज बदलला, की मिस्त्रींची समाधी लागते.

यात सकाळ जाते. ब्रेक-बूस्टरची नळी निर्दोष सुटते, मेनिफोल्डचं पॅकिंग जामिनावर. शेवटी चोर सापडतो तो डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या करंगळीहून बारीक नळीच्या टोकाशी. मिस्त्री तडकलेलं टोक कापतात, उरलेली नळी ओढून बसवतात. इंजिन गप्प चालायला लागतं.

‘एवढंच होतं?’ मालक विचारतो.

मिस्त्री काही बोलत नाहीत. बॉनेटखाली हात घालून भलतीच कुठलीतरी नळी सैल करतात. गाडी पुन्हा धडधडते. कानातला तुकडा मालकाच्या हातात देत म्हणतात, ‘एवढंच. शोधा आता,’ आणि जेवायला घरी जातात.